कुलंगडी-वाङ्मयातली चौदा पानं

माझ्या पुस्तकाला लोकांनी आजवर जी जी नावं ठेवली ती ऐकून मी थकलो आहे. प्रकाशक म्हणाला, गौप्यस्फोट. अकोल्याच्या एका वर्तमानपत्रानं आतल्या पानात चार ओळी छापल्या आणि मथळा दिला, ‘निवृत्त प्राध्यापकाकडून गावाचा भांडाफोड’. जुना सहकारी फोनवर हसत म्हणाला, “काय सर, पोलखोल केली म्हणे!” आणि अमरावतीला वाचनालयातल्या कार्यक्रमात एका वयस्क समीक्षकांनी चष्मा पुसत, अगदी सावकाश सांगितलं, “इंग्रजीत असल्या पुस्तकांना शब्द आहेत, फ्रेंचांकडे तर फार जुना शब्द आहे. आपल्याकडे धड शब्द नाही. म्हणून मी यांना कुलंगडी-वाङ्मय म्हणतो.”

सभागृह हसलं. मी उठून उभा राहिलो. मला असं पटकन उठायची सवय आहे, ती काही निवृत्तीनंतर गेली नाही.

“सर, या पुस्तकात एक ओळ खोटी नाही.”

“मी कुठं खोटी म्हणालो?” ते म्हणाले, आणि पुढच्या पुस्तकाकडे वळले.

तेव्हा मला राग आला होता. घरी येताना बसमध्ये मात्र आई आठवली. कुलंगडी हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिच्याच तोंडून. शेजारची एक बाई दुपारी येऊन बसायची आणि याच्या घरचं त्याच्या घरचं सांगायची. ती गेली की आई म्हणे, “आली होती कुलंगडे घेऊन.” मी विचारलं होतं, “खोटं सांगते का ते?” आई म्हणाली, “खोटं कायले सांगीन? खरंच असते सबन. पण तिचं हाय का ते?” बस बडनेरा सोडून मूर्तिजापूरच्या रस्त्याला लागली तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना. आई पाटीवर कधी एक अक्षर लिहू शकली नाही. समीक्षकांना जे सांगायला अर्धा तास लागला ते तिनं चुलीसमोर बसून सांगितलं होतं.

माझी ओळख थोडक्यात सांगतो. भातकुली तालुक्यातलं खारपाणपट्ट्यातलं गाव, विहिरीचं पाणी असं की पाहुण्याला चहा खारट लागायचा. आमच्या घराण्यात माझ्या आधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नाही. मी चढलो, बी.ए. झालो, एम.ए. झालो, अकोल्याला अठ्ठावीस वर्षं राज्यशास्त्र शिकवलं. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. निवृत्त झाल्यावर आठवणी लिहायला घेतल्या. त्यात एक प्रकरण माझ्या वहिनीवर आहे. चौदा पानं. पुस्तकातलं तेच सगळ्यात चांगलं प्रकरण, असं मला वाटत होतं.

वहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आई लवकर गेली, त्यानंतर मला वाढवलं ते वहिनीनं. मी अमरावतीला कॉलेजात असताना ती रोज सकाळी माझा डबा एसटीनं पाठवायची. तेव्हा आमच्याकडच्या बहुतेक पोरांचं असंच होतं. गावाहून सकाळच्या गाडीत डबे चढायचे, कंडक्टर ते टपाच्या शिडीला किंवा मागच्या सीटखाली टेकवायचा, आणि स्टँडवर आम्ही पोरं गाडीची वाट पाहत उभी. इतरांच्या डब्यांवर रंगानं नाव लिहिलेलं असे. माझ्या डब्याच्या कडीला हिरव्या लुगड्याची चिंधी बांधलेली असायची. मी पुस्तकात लिहिलं की त्या चिंधीवरून मला पहिल्यांदा कळलं, वहिनीला माझं नाव लिहिता येत नाही.

पुढं आमच्या गावचं सरपंचपद बायांसाठी राखीव झालं आणि वहिनी निवडून आली. भाऊ म्हणजे माझा मोठा भाऊ, चौथी शिकलेला, सकाळी वावरात गेला की दिवस बुडता येणारा माणूस. तेव्हा कागदपत्रांसाठी मी दर शनिवारी अकोल्याहून गावी जायचो. मी वाचायचो, ती ऐकायची. एकदा ऐकलं की तिच्या डोक्यात शब्द न् शब्द बसायचा. सही मीच शिकवली, तीन रविवार लागले. पण बाकी काही शिकायला ती तयार नव्हती. म्हणायची, “या वयात क-कमळ गिरवत बसू का? लोकं काय म्हणतीन?”

आणि सभेत ती काय करायची? ग्रामसेवकानं कागद समोर ठेवला की म्हणायची, “मले एकटीले काहून देता? वाचा मोठ्यानं. पंधरा लोकायसमोर वाचा. आईकू द्या सबनले.” पाच वर्षं हेच. एकही कागद तिनं असा वाचून घेतल्याशिवाय सहीला घेतला नाही. लोक कौतुक करायचे, की बाईचा कारभार उघडा आहे, हिच्या राज्यात आतल्या आत काही होत नाही. तिला वाचता येत नाही ही शंका एकालाही आली नाही. माहीत होतं ते भाऊला आणि मला.

मी ते पुस्तकात लिहिलं.

मला वाटलं मी तिचा गौरव करतो आहे. अक्षर न वाचता पाच वर्षं गाव चालवणारी बाई, आणि तिची हुशारी. आजही मला वाटतं की माझा हेतू वाईट नव्हता. पण हेतूचं एक असतं आणि पुस्तकाचं एक. प्रकाशकानं मुखपृष्ठावर कागदाची लाल पट्टी चढवायची ठरवली, तिच्यावर पांढऱ्या अक्षरात ‘गावगाड्याचे धक्कादायक गौप्यस्फोट’. त्यानं फोनवर विचारलं.

मी म्हटलं, “यात धक्कादायक काय आहे?”

“सर, असं काही म्हटलं नाही तर तुमच्या आठवणी कोण विकत घेतं? तुम्ही काय मंत्री आहात?”

माझा अपमान झाला असं मला वाटलं. आणि त्या अपमानातच मी म्हणालो, “ठीक आहे, लावा.” हे मी कोणाला सांगत नाही. लोकांना सांगतो की प्रकाशकानं न विचारता पट्टी लावली. त्यानं विचारलं होतं.

एक गोष्ट मला तेव्हा धीर देत होती, ती आमच्या पोळ्यावरून आली होती. वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगावं लागेल. पोळ्याच्या दिवशी दुपार उतरल्यावर सजवलेले बैल तोरणाखाली ओळीनं उभे करतात. तोरण तुटायच्या आधी माणसं झडत्या म्हणतात, चार-सहा ओळींची तोंडची जुळवणी. तिच्यात पुढाऱ्याला, मास्तराला, भावकीतल्या कोणाला चिमटा असतो आणि शेवटी महादेवाचा गजर. नाव घेत नाहीत, पण घर ओळखू येतं. ज्याच्यावर झडती पडली त्यानं चिडायचं नाही. जमलं तर तिथंच उलट झडती टाकायची. तोरण तुटलं की विषय मिटला, आणि ज्याची खोडी काढली त्याच्याच दारी संध्याकाळी बैल न्यायचे. मी लहानपणापासून हे पाहत आलो. माझी समजूत होती की गावाला असं बोललेलं पचतं. मी नाव एकाचंही लिहिलं नव्हतं, झडतीसारखंच. राज्यशास्त्राच्या माणसानं एवढी साधी गोष्ट ध्यानात घेतली नाही, की झडती तोंडावर म्हणतात आणि समोरच्याला उत्तराची जागा असते. पुस्तकासमोर कोण काय बोलणार? आणि वहिनी तर ते उघडूनही पाहू शकत नव्हती.

पुस्तक गावात गेलं. शाळेतल्या मास्तरांनी घेतलं, त्यांच्याकडून माजी उपसरपंचांकडे गेलं. हे गृहस्थ वहिनीच्या वेळी तिच्या हाताखाली उपसरपंच होते, स्वभावानं मस्करे, आवाज भारदस्त. त्यांनी ते चौदा पानी प्रकरण मोबाइलवर वाचून रेकॉर्ड केलं आणि गावाच्या ग्रुपवर टाकलं. मधेमधे खाकरून, मधेमधे माझी पुस्तकी वाक्यं ओढून ओढून. ते मी नंतर ऐकलं. वाचणाऱ्याची जीभ चांगली होती, हे कबूल करायला पाहिजे. वहिनीनं माझं लिहिलेलं ऐकलं ते त्यांच्या तोंडून, शेजारच्या घरी, हळद-कुंकवाला जमलेल्या बायांच्या मधोमध.

आणि गावाला एकदम सगळं उलगडलं. म्हणून वाचायला लावे! तिची उघड्या कारभाराची जी काही पाच वर्षांची पुण्याई होती ती एका आठवड्यात लबाडी ठरली. कोणी वाईट वागलं नाही, फक्त हसले. वहिनी देवळात जाईना. बायांच्या भजनात ती मधोमध बसायची, ती जागा रिकामी राहू लागली. मी फोन केला की भाऊ उचलायचा.

“वयनीले द्या ना जरा.”

“भाकरी टाकून राहिली.”

सकाळी भाकरी, दुपारी भाकरी, संध्याकाळीही भाकरी. चौथ्या महिन्यात मी म्हटलं, “भाऊ, एवढ्या भाकरी खाते कोण तुमच्याकडं?” भाऊनं फोन मात्र ठेवला नाही, तेवढं बरं वाटलं.

पोळ्याला मी गेलो. न जाण्याचं धैर्य नव्हतं. वहिनीनं पाण्याचा तांब्या ओट्यावर ठेवला, हातात दिला नाही. जेवायला वाढलं, “वाढू का” म्हणाली नाही. पुरणाची पोळी तशीच होती, नेहमीची.

गावात आता बैलजोड्या बोटांवर मोजाव्या एवढ्या. ट्रॅक्टरलाही झूल घालून उभं केलं होतं. तोरण मात्र तेच, देवळासमोर, आंब्याच्या डहाळ्यांचं. बाया देवळाच्या ओट्याजवळ उभ्या राहतात. तोरणाखाली त्या येत नाहीत आणि झडती तर म्हणतच नाहीत. वहिनी त्यांच्यातही मागे, खांबाआड उभी होती. आमची जोडी भाऊच्या हातात, मी त्याच्या शेजारी.

एकदोन झडत्या झाल्या. पावसाच्या, रस्त्याच्या, गावातल्या मोबाइल टॉवरच्या. मग माजी उपसरपंच पुढं आले, फेटा सरकवला, माझ्याकडे पाहून डोळा मारला.

“अकोल्याची पोथी आली, पोथीले लाल पट्टी,
पाच वर्सं राज केलं, हाती कोरी पाटी!
ठराव वाचे भलता कोणी, मान हाले तिची,
दिरानंच सांगतली गोठ घरातल्या घरची!
हर बोला हर हर महादेव!”

सगळं पटांगण हसलं. बैल दचकले एवढे हसले. रीत अशी की आता आमच्या घरानं उत्तर द्यायचं. भाऊनं माझ्याकडे पाहिलं.

“बोल ना बे. इतकं शिकला तू.”

मी अठ्ठावीस वर्षं वर्गात बोललो आहे. सभा गाजवल्या आहेत. त्या दिवशी तोंडातून शब्द फुटला नाही, कारण झडतीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं आणि ते त्यांच्या हाती मीच दिलं होतं. लोक थांबले. भाऊनं कासरा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

“विषय क्रमांक चार,” खांबाआडून आवाज आला.

आधी कोणाला कळलंच नाही कोण बोलतंय. वहिनी जागची हलली नव्हती. पदर डोक्यावर, नजर समोर कुठंतरी. आवाज तिचा, पण भाषा तिची नव्हती. ती ग्रामसेवकाची भाषा होती, थांबे घेत, इतिवृत्त वाचावं तशी.

“विषय क्रमांक चार. गावाच्या उत्तरेकडील पांदण रस्त्यावरील अतिक्रमण काढणेबाबत. सदर रस्त्यावर उपसरपंच यांच्या शेताचा बांध सात फूट पुढे सरकलेला असल्याचे आजच्या सभेच्या निदर्शनास आले. सदर बांध आपण आठ दिवसांचे आत स्वतःहून मागे घेऊ, असे उपसरपंच यांनी सभेसमोर कबूल केले. ठराव सर्वानुमते मंजूर.”

मग सूचक म्हणून एक पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि अनुमोदक म्हणून दुसरं. अनुमोदक खुद्द उपसरपंच होते. ती नावं मी इथं लिहीत नाही.

तिनं पदर नीट केला आणि आता स्वतःच्या भाषेत बोलली.

“लिवता-वाचता नाई येत मले. आईकलेलं इसरत नाई. आठ दिवस झाले का हो उपसरपंच?”

आधी एक म्हातारा हसला, मग सगळेच. उपसरपंचांनी दोन्ही कान धरले. हा माणूस मस्करा आहे तसा हारायलाही तयार असतो.

“हारलो ना माय! आठ दिवस व्हायचेच हायेत अजून. कॅलेंडर गावत नाई!”

“हर हर महादेव,” वहिनी म्हणाली. तोरण तुटलं.

मला वाटलं आता मिटलं. संध्याकाळी उपसरपंचांची जोडी आमच्या दारी आली. वहिनीनं बैलांच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, घास भरवला. त्यांना म्हणाली, “पुरणाची पोयी खाल्ल्याबिगर जायचं नाई.” ते ओट्यावर बसून तीन पोळ्या जेवले, तूप मागून घेतलं. त्यांचं मिटलं होतं. मी तिथंच बसलो होतो आणि माझ्याशी ती अजून बोलली नव्हती. ते तोरणाखाली बोलले होते. मी अकोल्यात खुर्चीवर बसून लिहिलं होतं.

उपसरपंच गेल्यावर मीच तोंड उघडलं. “वयनी, पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघून राहिली. ते चौदा पानं काढून टाकू का?”

ती भांडी गोळा करत होती.

“काढशीन तर लोकं म्हणतीन, खोटं होतं म्हून काढलं.”

“मग काय करू?”

“तू मले वाचून दाखवलं का ते? एवढं माह्यावर लिवलं, शायेतल्या मास्तरानं वाचलं, याईनं वाचलं,” तिनं उपसरपंच गेले त्या दिशेला हात केला, “अमरावतीच्या लोकायनं वाचलं. मले कोणं वाचून दाखवलं? मी तं त्याच्या तोंडून आईकलं, खाकरत खाकरत.”

मी खरकटी ताटं उचलून तिच्यापुढं सरकवली.

“उद्या वाच,” ती म्हणाली. “पंधरा लोकायसमोर वाच.”

दुसऱ्या दिवशी पोळ्याची कर. वावराची कामं बंद, माणसं मोकळी. सकाळी दहाच्या सुमाराला आमच्या ओट्यावर खरंच माणसं जमली. पंधरा नसतील, पण दहा-बारा होती, भजनातल्या बाया, मास्तर आणि सगळ्यात पुढं मांडी घालून माजी उपसरपंच. वहिनी दाराच्या चौकटीशी बसली. मी पुस्तक उघडलं. लाल पट्टी काढून खिशात घातली, ते तिनं पाहिलं.

माझीच वाक्यं मला वाचवेनात. लिहिताना जी गोड वाटली होती ती या ओट्यावर, या माणसांसमोर, भाड्यानं आणलेल्या कपड्यासारखी वाटत होती. पहिलं पान झालं. दुसऱ्या पानावर डबा आला, हिरवी चिंधी आली. ‘त्या चिंधीनं मला सांगितलं की माझ्या वहिनीला माझं नाव लिहिता येत नाही’ हे वाक्य मी वाचलं.

“थांब,” वहिनी म्हणाली. “हे कोणं सांगतलं तुले?”

“म्हणजे?”

“चिंधी त्यासाठी होती म्हून?”

“मला तसं वाटलं.”

“नाव काय, तुह्या भाऊजवळून टाकून घेता येत होतं. चौथी शिकेल होते ते. बाबू, तुले तवा दुरून दिसे का काई? गाडी आली तं पाटीवरचं गाव वाचता ये नाई तुले. घरी आला का पंचांग डोयाले चिटकवून वाचे. कॉलेजातून काढून घेतीन म्हून कोणाले सांगे नाई तू. मले वाटलं, तथी स्टँडवर वीस डबे, नावं वाचत बसीन कसा? हिरवं दुरून दिसते. म्हून बांधली.”

मी खाली पाहिलं. ते खरं होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत मला फळा दिसत नव्हता. मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. चष्मा लागला असं कळलं की म्हणतील, पोराचे डोळे गेले, पुरे झालं शिक्षण. मी पहिल्या बाकावर बसायचो तेव्हा सर म्हणायचे, पोरगा मोठा अभ्यासू आहे. पुस्तकातही मी तेच लिहिलं आहे, की मी पहिल्या बाकावर बसायचो कारण मला शिकायची ओढ होती.

वहिनीला पहिल्यापासून माहीत होतं. चाळीस वर्षांत तिच्या तोंडून ते कधी निघालं नाही. भाऊलाही माहीत नव्हतं. तो बैलांच्या कोठ्याच्या दारातून माझ्याकडे पाहत होता.

उपसरपंचांनी चिमटा सोडला नाही. “आता निघालं खरं! प्राध्यापक साहेबाचा गौप्यस्फोट! लाल पट्टी द्या हो इकडं!”

लोक हसले. मीही हसलो, उशिरानं. वहिनी हसली नाही. म्हणाली, “लिव ते. पेन हाय का?”

मास्तरांनी पेन दिला. मी समासात लिहिलं. पुढं वाचलं. चौथ्या पानावर ग्रामसभा आली. ‘आपलं निरक्षर असणं झाकण्यासाठी तिनं काढलेली ही युक्ती’ असं माझं वाक्य होतं. मी ते वाचलं आणि स्वतःच थांबलो.

“वाच, वाच,” ती म्हणाली. “अर्धं खरं हाय ते. झाकाले होतं, नाई कायले म्हणू. पण त्या सभेत माह्यासारख्या बाया किती होत्या, मोजल्या का तू? तू तं अकोल्याले होता. ह्या बसल्या न, इचार त्याईले. आमच्या गल्लीत नळ कधी येईन हे आमाले कागद वाचून कोण सांगे आधी? मी वाचाले लावलं तवा त्याईले पहिल्यांदा समजलं सभेत काय चालते ते. हे बी अर्धं लिव.”

बायांपैकी एक म्हणाली, “होय भाऊजी, खरं हाय ते. तवापासून आमी जाऊन राहिलो सभेत.”

मी लिहिलं. समास पुरेना. मास्तरांनी वहीचा कागद फाडून दिला. दुपारपर्यंत आम्ही सहाव्या पानापर्यंत पोचलो. एकेका वाक्याला ती थांबवत होती. कुठं म्हणायची, “हे बरोबर.” कुठं, “हे मी असं बोलली नाई.” मग मी शोधू लागलो, तेव्हा लक्षात आलं की पहिल्या सहा पानांत तिच्या तोंडचं एकही वाक्य नाही. सगळं मीच सांगतो आहे, तिला काय वाटलं, तिनं काय झाकलं. उन्हं ओट्यावर आली, लोक एकेक करून उठले. माझा घसा बसला होता. तिनं पाण्याचा तांब्या आणला आणि माझ्या हातात दिला.

“पुरं नाई झालं,” ती म्हणाली. “शनवारी ये.”

तेव्हापासून मी पुन्हा दर शनिवारी गावी जातो आहे. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, तोच जुना रस्ता. पूर्वी तिच्या कागदांसाठी जायचो, आता माझ्या. गुडघे दुखतात. एसटीत उभं राहवत नाही. एका शनिवारी एक पान होतं, कधी अर्धंच. ओट्यावर आता तेवढे लोक येत नाहीत, त्यांचा उत्साह संपला. कधी उपसरपंच येऊन बसतात आणि विचारतात, “आमच्या बांधाचं पान आलं का?” बांध अजून तिथंच आहे.

प्रकाशकाचा फोन आला होता. मी सांगितलं की दुसऱ्या आवृत्तीवर पट्टी नको, आणि मजकूरही बदलणार आहे.

“कसा बदलणार?”

“त्यात वहिनी बोलणार आहेत.”

“सर, पट्टीशिवाय विकायचं तर मग घाई नाही आपल्याला.”

“नाही,” मी म्हटलं. “घाई नाही.”

समीक्षकांना मी पत्र लिहिणार होतो की तुमचा शब्द बरोबर आहे, आणि त्याची व्याख्याही मला आईच्या वाक्यात मिळाली आहे. लिहिलं नाही. आजकाल मला नवीन काही लिहायला बसलो की थकवा येतो.

या शनिवारी अकरावं पान आहे. त्यात वहिनीचं माहेर आहे, ती लग्न होऊन आमच्याकडे आली तो दिवस आहे, तिच्या मनात तेव्हा काय चाललं होतं त्याचा एक मोठा परिच्छेद आहे. अमरावतीच्या कार्यक्रमात मी तोच वाचून दाखवला होता आणि दोघी-तिघींनी डोळ्यांना पदर लावला होता. आज सकाळी मी तो पुन्हा वाचला. हे तिनं मला कधी सांगितलं होतं, ते काही केल्या आठवेना.